तांबडे पान आणि कोळ्याची ओळख

(मानोरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विदर्भात कापूस पिकवणाऱ्या माणसाला ‘लाल्या’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हाटीची पाने लाल पडू लागली की लाल्या आला. या एका नावाखाली मॅग्नेशियमची कमतरता, नत्राची कमतरता, बोंडे भरण्याच्या दिवसांत अचानक पडणारी थंडी, पाण्याचा ताण, वावरात साचलेले पाणी आणि तुडतुड्यांनी शोषलेला रस अशी कितीतरी कारणे एकत्र नांदत आली आहेत. कारणे वेगळी आणि उपायही वेगळे, पण नाव पडले ते पानाच्या रंगावरून. त्यामुळे जिथे जमिनीतून अन्नद्रव्य द्यायचे तिथे कीटकनाशक गेले आणि जिथे तुडतुडे होते तिथे खत पडले, असे या भागात वर्षानुवर्षे घडत आले. रंगावरून होणारी हीच फसगत मला आज दुसऱ्या पिकांत दाखवायची आहे. मी बोलणार आहे ते ज्वारी, मका, ऊस, गहू अशा गवतवर्गीय पिकांवर जगणाऱ्या कोळ्यांविषयी, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या आठ पायांच्या प्राण्यांविषयी. ते कसे ओळखावेत, हा माझा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. पानावर दिसणारा रंग पिकाचा असतो, किडीचा नसतो. म्हणून किडीची ओळख किडीच्या अंगावरूनच करायला हवी. ती किती खोलवर न्यायची, हे आपल्याला पुढे कोणता निर्णय घ्यायचा आहे यावरून ठरवायला हवे. पिकाचा रंग आणि किडीची ओळख यांची गल्लत होते तेव्हा खर्च, विष आणि वेळ तिन्ही वाया जातात.

सुरुवात ज्वारीपासूनच करावी लागेल, कारण ही गल्लत सर्वांत जास्त ज्वारीतच होते. ज्वारी पोटरीत आली किंवा निसवली आणि नेमकी त्याच वेळी पावसाने ओढ दिली, की खालच्या पानांवर मधल्या शिरेच्या कडेने बारीक तांबूस ठिपके दिसू लागतात. ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे होतात, पान तांबडे-तपकिरी होऊन वाळते आणि हा प्रकार खालून वर चढत जातो. हे लाल कोळ्याचे लक्षण म्हणून सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण ज्वारीच्या पानावर तांबडा डाग करप्यानेही पडतो, तांबेऱ्यानेही पडतो, तुडतुड्याच्या मादीने मधल्या शिरेत अंडी घातली तरी शीर लाल होते. याचे कारण ज्वारीच्या स्वभावातच आहे. १९८७ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात राल्फ निकोल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की करप्याची बुरशी ज्वारीच्या पेशीत शिरू लागली की ज्वारी त्याच जागी स्वतःची तांबडी रंगद्रव्ये तयार करते. एपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन ही त्यांतली प्रमुख. ही रंगद्रव्ये बुरशीला मारक असतात. म्हणजे तो तांबडा डाग बुरशीने पाडलेला नसून झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी उभा केलेला असतो. रस शोषणाऱ्या प्राण्याने पेशी फोडली तरी ज्वारीचा प्रतिसाद याच जातीचा असतो. त्यातही वाणावाणात फरक आहे. काही वाणांची झाडे जखमेवर जांभळट-लाल होतात, तर काहींची नुसती पिंगट. एकच कोळी शेजारशेजारच्या दोन वाणांवर बसला, तर एका वावरात ‘लाल कोळी’ दिसेल आणि दुसऱ्यात काहीच झालेले नाही असे वाटेल. तोच कोळी मक्यावर गेला तर तिथे लाल रंग उमटणारच नाही. पांढुरके-पिवळे ठिपके पडतील आणि पान करपल्यासारखे होईल. मग रंगावरून आपण नेमके कोणाला ओळखतो आहोत? बहुतेक वेळा ज्वारीच्या वाणालाच.

प्राण्याकडे वळायचे तर पान उलटावे लागते. बहुतेक चुका इथेच होतात, कारण आपण पीक धुऱ्यावरून आणि वरून पाहतो, तर हे कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. पूर्ण वाढलेली मादी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते. नर त्याहून लहान आणि मागच्या बाजूला निमुळता असतो. उघड्या डोळ्यांना हलणारा ठिपका दिसतो, पण दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग हाताशी असले की बरेच काही उलगडते. अंडी गोल, मण्यासारखी असतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. पुढच्या दोन अवस्थांत आठ पाय येतात आणि प्रत्येक अवस्थेच्या शेवटी प्राणी काही काळ स्तब्ध राहून कात टाकतो. पानावर पांढऱ्या राखेसारखे जे दिसते त्यात या टाकलेल्या कातींचा मोठा वाटा असतो. गरम आणि कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा प्रवास दीड आठवड्यात होतो, म्हणून पावसाची एक उघडीप पुरेशी ठरते. फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलन झालेल्या अंड्यातून मादी निघते. त्यामुळे चुकून पोहोचलेली एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. आधी ती नर अंडी घालते आणि पुढे त्याच नरांशी तिचा संयोग होतो. कोळ्याचे तोंड कुरतडण्यासाठी बनलेले नाही. त्याच्या तोंडात सुईसारखे दोन काटे असतात. ते पानात खुपसून तो एकेक पेशी रिकामी करतो. हरितद्रव्य गेलेल्या अशा पेशींचा समूह म्हणजे तो पांढुरका ठिपका. ज्वारी त्यावर तांबडा रंग चढवते, मका चढवत नाही.

याच भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते आणि माझ्या मते प्रजातीच्या नावापेक्षा ती जास्त मोलाची आहे. त्या पानावर सगळेच कोळी पीक खाणारे नसतात. फायटोसीड कुळातले परभक्षी कोळी तिथेच वावरतात. ते नासपतीच्या आकाराचे, चकचकीत असतात आणि भराभर धावतात. पान उलटताच झपाट्याने आडोसा शोधणारा कोळी बहुधा शिकारी असतो, आणि जाळ्यात मंदपणे हलणारा पीक खाणारा. शिकाऱ्याचे अंडे लांबट असते आणि शेजारच्या गोल अंड्यांपेक्षा मोठे दिसते. स्टेथोरस नावाचा खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा काळा ढालकिडा, त्याच्या करड्या अळ्या आणि कोळी खाणारे काही फुलकिडे हेही याच वस्तीत भेटतात. ‘पानाखाली बारीक किडे चालताहेत’ एवढ्या माहितीवर फवारणी करणारा माणूस आपल्याच राखणदारांना मारत असतो. लांबट अंडी दिसली, धावणारे कोळी दिसले, जाळ्यातली अंडी सुरकुतलेली दिसली, तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा पाहणे शहाणपणाचे. एवढ्या ओळखीला प्रयोगशाळा लागत नाही. बारावीतला विद्यार्थी एका दुपारी ती शिकू शकतो.

आता गवतवर्गीय पिकांवरचे कोळी एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? आपल्या ज्वारीवरचा मुख्य कोळी ऑलिगोनिकस इंडिकस. ब्रिटिश म्युझियममधील स्टॅन्ली हर्स्ट यांनी १९२३ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा तो पॅराटेट्रानिकस या प्रजातिसमूहात ठेवला गेला होता. ज्वारी, ऊस, मका आणि बांधावरची रानगवते हे त्याचे घर. त्याचे जाळे पानाच्या खालच्या बाजूला पसरलेले असते आणि त्यात धूळ अडकून राहते. उसावर त्याच्याच शेजारी आणखी एक कोळी राहतो, शिझोटेट्रानिकस अँड्रोपोगोनी. त्याचे वर्णनही हर्स्ट यांनीच केले. तो मोठे जाळे पसरत नाही. मधल्या शिरेला समांतर अशी छोटी छोटी दाट पांढरी जाळी ओळीने विणतो आणि प्रत्येक जाळ्याखाली त्याचे कुटुंब राहते. म्हणजे उसाचे पान उलटून नुसते जाळे पाहिले तरी दोघांतला फरक कळतो. उत्तर आणि पश्चिम भारतातल्या कोरडवाहू गहू-जवावरचा तपकिरी कोळी, पेट्रोबिया लेटेन्स, याहून निराळा. तो जाळेच विणत नाही. त्याचे पुढचे दोन पाय शरीराच्या मानाने फार लांब असतात आणि तो अंडी पानावर न घालता मातीच्या ढेकळांवर, खड्यांवर घालतो. त्याची अंडी दोन प्रकारची असतात. लाल गोल अंडी लगेच उबतात, तर झाकण असलेली पांढरी अंडी उन्हाळा मातीत काढतात. या कोळ्याच्या माद्या नरांवाचूनच वंश चालवतात. गव्हाचे पान फिकट, चंदेरी झाले आणि पानावर जाळे नसले, तर शोध जमिनीवरही घ्यायचा. नुसते पान धरून त्यावर अंडी नाहीत म्हणणारा माणूस खरेच सांगत असतो, पण त्याने चुकीच्या जागी पाहिलेले असते.

धानाच्या पट्ट्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. धानाच्या पानावर ऑलिगोनिकस ओरायझी नावाचा जाळेवाला कोळी असतो. पण लोंबीतले दाणे पोचट राहतात आणि पानाच्या खोळीवर तपकिरी डाग पडतात, त्यामागे स्टेनिओटार्सोनेमस स्पिंकी नावाचा कोळी असू शकतो. तो जाळेवाल्या कोळ्यांच्या कुळातला नाही. तो खोळीच्या आत लपून राहतो आणि जाळे विणत नाही. दोघांनाही ‘धानाचा कोळी’ म्हणून चालणार नाही, कारण एकाला शोधायला पान उलटावे लागते आणि दुसऱ्याला शोधायला खोळ सोलावी लागते.

मग येतो टेट्रानिकस उर्टिसी, दोन ठिपक्यांचा कोळी. याचे वर्णन १८३६ साली कॉख यांनी केले. हा गवताचा म्हणावा असा कोळी नाही. त्याच्या खाद्यवनस्पतींच्या नोंदी अकराशेवर प्रजातींच्या आहेत. भेंडी, वांगी, कापूस, सोयाबीन आणि गुलाब त्यात आहेत, तसा मकाही आहे. २०११ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा तो संच त्या काळापर्यंत वाचलेल्या संधिपाद प्राण्यांत सर्वांत लहान निघाला, सुमारे नऊ कोटी अक्षरांचा. एवढ्या लहान संचातही विषे पचवून टाकणाऱ्या जनुकांची रेलचेल होती. कोळीनाशकांना दाद न देण्यात याचा हात धरणारा प्राणी विरळाच. मक्याच्या शेतात गवताचा कोळी आणि हा कोळी दोन्ही एकाच पानावर भेटू शकतात. आपल्या वाशिम जिल्ह्याच्या दृष्टीने ओळखीचा प्रश्न नेमका इथेच गंभीर होतो.

अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का आणि टेक्ससच्या कोरड्या पठारांवर मक्याचे शेतकरी या जोडीला फार दिवसांपासून तोंड देत आहेत. तिथला गवताचा कोळी आपल्या ऑलिगोनिकस इंडिकसचा जवळचा भाऊबंद आहे, ऑलिगोनिकस प्राटेन्सिस. नेथन बँक्स यांनी १९१२ साली त्याला नाव दिले. दोघांत वरवर फार फरक नाही. भिंगातून मादी नीट पाहिली तर गवताच्या कोळ्याच्या अंगाची हिरवी छटा दोन्ही कडांनी थेट शेवटापर्यंत गेलेली दिसते. दोन ठिपक्यांच्या कोळ्यात ती पुढच्या अर्ध्या भागात दोन वेगळ्या डागांत गोळा झालेली असते. तिथले कृषी विस्तार अधिकारी फवारणीचा विचार करण्याआधी हा फरक तपासायला सांगतात. गवताचा कोळी साधारणपणे हंगामात आधी येतो आणि औषधांना तुलनेने लवकर बळी पडतो. दुसरा उशिरा वाढतो आणि त्याच औषधांना पुरून उरतो. दोघांना एक समजून फवारले तर पहिला मरतो, दुसऱ्याला मोकळे रान मिळते आणि औषध निकामी निघाले असा बोभाटा होतो. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण इथे नाव हे नुसते पांडित्य राहत नाही, ते पैशांत मोजता येते. मात्र एक सावधगिरी हवी. अंगावरचे डाग म्हणजे बऱ्याच अंशी पारदर्शक शरीरातून दिसणारे, पोटात गेलेले अन्न. नुकतीच कात टाकलेल्या, उपाशी किंवा थंडीत नारिंगी झालेल्या मादीत ते फसवतात. एका मादीवरून निकाल देऊ नये, पाच-सहा पानांवरच्या अनेक माद्या पाहाव्यात.

भिंगाची मर्यादा इथे संपते. यापुढे सूक्ष्मदर्शक लागतो आणि हाताला वळण लागते. कोळी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये साठवून, नंतर काचपट्टीवर अरबी गोंद, क्लोरल हायड्रेट आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात ठेवून तो पारदर्शक होऊ द्यावा लागतो. मग पायाच्या टोकाकडे पाहायचे. ऑलिगोनिकसमध्ये पायाच्या नखांच्या मध्ये एक नखासारखा आकडा असतो आणि त्याला खालून केस असतात. टेट्रानिकसमध्ये त्या जागी आकडा नसून केसांचे झुपके असतात. पहिल्या पायावरच्या जोडकेसांच्या दोन जोड्या एकमेकींजवळ आहेत की दूर, मागच्या बाजूला किती केस आहेत, पाठीवरच्या सूक्ष्म रेषा कोणत्या दिशेने जातात, असे बघत प्रजातिसमूह ठरतो. पण समूहात शिरून नेमकी प्रजाती सांगायची वेळ आली की मादी उपयोगी पडत नाही. तिथे नर हवा आणि तोही काचपट्टीवर कुशीवर झोपलेला, कारण निर्णय त्याच्या जननेंद्रियाच्या बाजूने दिसणाऱ्या आकारावर होतो. ते टोक वर वळते की खाली, त्याला गाठ आहे का, गाठीचा कोन केवढा, यावर एकेक नाव ठरते. ऑलिगोनिकस समूहात आज दोनशेच्या आसपास प्रजाती मानल्या जातात आणि कित्येकांच्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. वसाहतीत नर मोजके आणि माद्या पुष्कळ, म्हणून घाईने गोळा केलेल्या नमुन्यात बहुधा माद्याच येतात. अशा नमुन्यावर ‘इंडिकस’ लिहून पाठवलेला अहवाल अंदाजच असतो. यजमान पीक पाहून केलेला अंदाज बरेचदा बरोबर येतो हे मान्य, पण अहवालाने त्याला अंदाज म्हणायला हवे.

या कामाची परंपरा भारतात आहे आणि तिचा उल्लेख कृतज्ञतेने करायला हवा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात जी. पी. चन्नबसवण्णा यांनी कोळीशास्त्राचा पाया घातला. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या एस. के. गुप्ता यांनी १९८५ साली भारतातील वनस्पतींवरच्या कोळ्यांचे हस्तपुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडे अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि ज्वारीवरचे संशोधन हे तिथले जुने काम आहे. जपानमध्ये युताका साइतो यांनी बांबूवरच्या कोळ्यांचा अभ्यास वेगळ्या वाटेने केला. बांबू हेही गवतच. एकच प्रजाती समजले जाणारे कोळी निरनिराळ्या आकाराची घरटी विणतात आणि त्यांच्या नरांचे भांडणाचे स्वभावही वेगवेगळे आहेत, हे त्यांनी आधी पाहिले. त्या निरीक्षणातून पुढे त्या एका नावाखालून अनेक प्रजाती वेगळ्या झाल्या. वागणुकीने दाखवलेली वाट मागाहून सूक्ष्मदर्शकाने पक्की केली. उसावरच्या दोन जाळ्यांमधला फरक पाहणारा आपला शेतकरी याच जातीचे निरीक्षण करत असतो, आणि त्याला तेवढाच मान मिळायला हवा.

यावर कास्तकार विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की मला नाव घेऊन काय करायचे? औषध सांगा. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मी सुरुवातीला म्हणालो की ओळख किती खोल हवी हे निर्णयावरून ठरावे. फवारायचे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर कोळी आहे की करपा आहे आणि शिकारी कोळी किती आहेत, एवढे कळणे पुरे. शेजारच्या सोयाबीनची काळजी असेल तर कोळी गवताचा आहे की दोन ठिपक्यांचा, हे कळायला हवे. ज्वारीवरचा गवताचा कोळी सोयाबीनमध्ये शिरून धुमाकूळ घालणार नाही. दोन ठिपक्यांचा कोळी मात्र मक्यावरून भेंडीवर आणि भेंडीवरून सोयाबीनवर जाऊ शकतो. नर, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक हा खटाटोप लागतो तो विद्यापीठाच्या शिफारशीसाठी, औषधाला प्रतिकार वाढला का हे तपासण्यासाठी, परजिल्ह्यात किंवा परदेशात माल जाताना. प्रत्येक शेतकऱ्याने प्रजाती ओळखावी असे मी म्हणत नाही. पण प्रजाती ओळखणारा माणूस त्याच्या हाकेच्या अंतरावर असावा असे नक्की म्हणतो.

‘औषध सांगा’ या मागणीला दुसरे उत्तर याहून कडक आहे. कोळी हा कीटक नाही, आणि कीटकांवरची बरीच औषधे त्याला मारत नाहीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी तर कोळी वाढल्याच्या नोंदी जगभर आहेत, कारण शिकारी मरतात आणि कोळी पांगून नव्या पानांवर पोहोचतात. म्हणजे तांबड्या पानावर खोडकिड्याचे औषध मारले तर आठवड्याने पान अधिक तांबडे होऊ शकते, आणि मग आणखी जहाल औषध शोधले जाते. कोळ्यांसाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेले आणि भारतानेही पुढे त्यावर बंदी घातली. ज्वारीच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरता येणार नाही. तिचे पानच जनावराचे अन्न आहे. कापसाच्या पानावर पडलेले विष पानावर राहते, ज्वारीच्या पानावर पडलेले विष कडब्यातून गोठ्यात आणि दुधात जाऊ शकते. आणि माणसाचे काय? २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती फवारणी कापसावरची होती, ज्वारीवरची नव्हे. पण पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या उंच पिकात शिरणारा मजूर ज्वारीतही तोच आहे, आणि पीक डोक्याच्या वर गेले की फवारा त्याच्याच तोंडावर येतो. न लागणारी एक फवारणी टळली तरी त्याचे मोल मी कोणत्याही उत्पन्नवाढीच्या आकड्याहून मोठे मानतो.

काहींना वाटते की हे सारे आता मोबाइल करील. पानाचा फोटो काढावा आणि उत्तर यावे. फोन उपयोगी आहेच. त्यावर छोटे भिंग लावून पानाच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढला, तर पुष्कळ कामे होतील. पण वरून काढलेल्या तांबड्या पानाच्या फोटोवरून उत्तर देणारे यंत्र तीच चूक करील जी आपण धुऱ्यावरून पाहताना करतो, फक्त अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने. जनुकीय चाचणीचेही असेच आहे. तिचा आधार असतो आधीच नाव देऊन साठवलेल्या अनुक्रमांवर. टेट्रानिकस समूहाच्या साठ्यात चुकीच्या नावाखाली नोंदलेले अनुक्रम सापडले आहेत, हे संशोधकांनीच प्रसिद्ध केले आहे. मूळ नमुन्याचा नर कुणीतरी काचपट्टीवर नीट ओळखलेला नसेल, तर चाचणी त्या चुकीची नक्कल करत राहील. म्हणून नवी साधने आल्याने जुन्या कौशल्याची गरज कमी झाली असे मला वाटत नाही. उलट चूक पसरण्याचा वेग वाढल्यामुळे ती वाढली आहे.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो मानोऱ्यात टाळता येत नाही. ज्वारी राहिली आहेच कुठे? इथून जवळच, पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीने महाराष्ट्राची कोठारे भरली. सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण १९६४ साली आला आणि पुढची दोन दशके विदर्भाच्या खरिपावर ज्वारीचे राज्य होते. मग सोयाबीन आले. रानडुक्कर, रोही आणि पाखरे यांनी उरलेल्या वावरांतली ज्वारी राखणे अवघड करून टाकले. आज अनेक घरांत ज्वारी उरली आहे ती धुऱ्याच्या चार तासांपुरती, जनावरांच्या कडब्यासाठी. तरीही माझे उत्तर असे की पीक कमी झाल्याने ओळखीचे महत्त्व कमी होत नाही. सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या मधोमध उभी असलेली ती चार तासे आता सगळ्या बाजूंनी दुसऱ्या पिकांच्या फवाऱ्यात सापडतात. त्यांच्यावरचे शिकारी आधी मरतात आणि कोळी मागे राहतात. शिवाय गवतवर्गीय पिकांची वाट पूर्ण बंद झालेली नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून ज्वारीकडे पुन्हा लक्ष जाते आहे. मक्याला कोंबडीखाद्याची आणि इथेनॉलची मागणी आहे. दुभत्या जनावरांसाठी संकरित नेपियरची ठोंबे बांधाला लागत आहेत. मका वाढेल तिथे गवताचा कोळी आणि दोन ठिपक्यांचा कोळी एकाच पानावर येण्याची शक्यताही वाढेल. पठारी अमेरिकेचा प्रश्न उद्या इथल्या अरुणावती नदीच्या काठचा होऊ शकतो, आणि त्या वेळी आपल्या हाती इथल्या मातीतले ओळखलेले नमुने असायला हवेत.

हे नमुने गोळा करायला मोठा खर्च लागत नाही. ऑगस्टच्या उघडिपीपासून कणीस भरेपर्यंत महाविद्यालयातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातली ज्वारीची, मक्याची आणि बांधावरच्या गवतांची पाने उलटून पाहावीत. कोळी लागलेले पान कागदी पिशवीत आणि कागदी पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे पान सुकत नाही आणि घामही धरत नाही. ब्रशच्या ओल्या टोकाने निमुळत्या मागच्या भागाचे, लहान, चपळ कोळी वेचून अल्कोहोलच्या कुपीत टाकावेत, कारण तेच नर. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर पीक आणि वाण, गाव, तारीख, पानाची कोणती बाजू, जाळे पसरट की ओळीने, ढेकळांवर अंडी होती का, शेजारी कोणते पीक होते आणि गेल्या महिन्याभरात तिथे काय फवारले होते, एवढे लिहावे. या कुप्या आपल्या जिल्ह्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत अकोल्याला जाऊ शकतात. ओळख पटलेल्या काचपट्ट्यांची एक जोड परत मानोऱ्यात ठेवायला मागावी. ज्या पानावर नर सापडला नाही त्याच्या चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे आणि प्रजातीची जागा कोरी ठेवावी.